दर्शनी नरक

जपानातल्या नरकात मी तेल-उटणं लावून, पंचा नेसून आंघोळीला गेलो, आणि तिथे आंघोळ करायची नसते. तिथे फक्त बघायचं असतं.

हे एकदा स्वतःच लिहून टाकलेलं बरं. गेली सहा वर्षं ते माझ्याबद्दल दुसरेच सांगतात, आणि सावजीच्या हाताने तिखट घालून सांगतात. लग्नात सांगतात, बारशात सांगतात. एकदा तर मी एका तेराव्याला पानावर बसलो असताना, माझ्याकडे पाठ करून सांगत होते. मधे दोन वर्षं सगळं जग बंद होतं, तेव्हाही हे बंद झालं नाही. रिकामपणात जास्तच फिरलं.

नागपुरात दिवाळी आधी नाकाला कळते. भिंतींमधली पावसाची ओल निघून गेलेली असते, सकाळी गच्चीवर अनवाणी गेलं तर फरशी कितीतरी महिन्यांनी थंड लागते, आणि खालून मिक्सरची घरघर येते. सुमन, म्हणजे आमची सौभाग्यवती, उटणं करत असते. विकतचं उटणं ती दाराच्या आत येऊ देत नाही. संत्र्यांच्या मोसमात साली जमवते, मे महिन्यात गच्चीवर पसरते (आमच्या मे महिन्यात साल काय, माणूससुद्धा दोन दिवसांत कडकडीत वाळतो) आणि दिवाळीपर्यंत डब्यात कोंडून ठेवते. मग त्यात मसूर डाळ, आंबेहळद, नागरमोथा, गुलाबाच्या चुरलेल्या पाकळ्या. मिक्सरचं झाकण निघालं की तो कडवट-गोड वास जिना चढून वर येतो. लोकांना त्या वासाने बालपण आठवतं, आई आठवते, गावचं अंगण आठवतं. मला प्रभाकरराव आठवतात, आणि हाताच्या मुठी आपोआप वळतात.

प्रभाकरराव हे माझे साडभाऊ. सुमनच्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईंचे यजमान. उमरेडकडे कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होते. मी कोराडीच्या वीज केंद्रात पाणी तपासणारा केमिस्ट. त्यांचा कोळसा आमच्याकडे जळायचा. दोघं निवृत्त झालो तरी व्यवस्था तीच राहिली. काडी ते लावतात, जळतो मी.

साडभाऊ हे नातं ज्याने जुळवलं त्याला माणसांची फारशी माहिती नसावी. रक्ताचं नाही, मैत्रीचं नाही, भांडणाचंसुद्धा धड नाही. दोन अनोळखी माणसांनी एकाच घरच्या मुली केल्या, एवढाच काय तो गुन्हा. मग आयुष्यभर सासरच्या बैठकीत दोघांना शेजारी शेजारी बसवतात आणि लोक बघतात, कोणाचं पोट पुढे, कोणाचं डोकं. प्रभाकररावांचं डोकं पुढे होतं हे मी कधी कबूल केलं नाही. त्यांना शब्द सुचतात. मला आकडे सुचतात. बैठकीत आकड्यांवर कोणी हसत नाही.

सहलीची कल्पना त्यांचीच. दिवाळीत फराळ करून दमण्यापेक्षा दोघी बहिणींना जपान दाखवू म्हणाले. सहल कंपनीचं माहितीपत्रक मराठीत होतं, गुळगुळीत कागदावर. सातव्या दिवशी लिहिलं होतं, ‘बेप्पू येथील सात नरककुंडांचे दर्शन’. गरम पाण्याच्या त्या झऱ्यांना तिथले लोक खरोखरच नरक म्हणतात. तारीख पाहिली तर नेमकी नरकचतुर्दशी.

आता यात माझं काय चुकलं ते सांगा. कुंड म्हटलं की आपण काय करतो? आधी स्नान, मग दर्शन. रामटेकला करतो, त्र्यंबकला करतो, नर्मदेवर करतो. नुसतं दर्शन घेऊन कोरडा परत आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. पत्रकात स्नान लिहिलं नव्हतं हे खरं, पण पंगतीच्या आमंत्रणात ‘जेवल्यावर हात धुवावेत’ असंही कोणी लिहीत नाही. शिवाय मी तपशील विचारायला प्रभाकररावांना फोन केला, तर ते म्हणाले, “साहेब, चतुर्दशी नरकाची अन् कुंडही नरकाचं. असा योग तुमच्या-माझ्या जन्मात पुन्हा नाही जी. तेल-उटणं घेऊनच चला.”

मी घेऊन गेलो. कोकणात अशा झऱ्यांना उन्हाळे म्हणतात. ज्याने नागपुरात साठ उन्हाळे काढले त्याला सात समुद्रांपलीकडे आणखी सात उन्हाळे बघायची हौस का यावी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पेटीत तिळाच्या तेलाची बाटली, उटण्याची पुडी, लाल काठाचा पंचा आणि पितळी गडवा, म्हणजे आमच्याकडचा तांब्या. गडवा विमानतळावर यंत्राखालून दोनदा फिरवला. त्या अधिकाऱ्याला मी सांगितलं, रिलिजस. तो गडव्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि त्याने आम्हां दोघांनाही जाऊ दिलं.

खरं तर उतरलो त्या हॉटेलातच तळमजल्यावर गरम पाण्याचं सामुदायिक स्नानगृह होतं. मी आदल्या संध्याकाळी गेलोसुद्धा. दाराच्या आत चित्रं काढून नियम लावले होते. पहिला नियम, अंगावर एक चिंधी नको. आत वाफेत दहा-बारा पुरुष जन्मले त्या वेषात शांत बसलेले, जणू मुख्य अभियंत्याच्या मीटिंगला आले आहेत. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि जिन्याने वर आलो. म्हणजे जिथे आंघोळ करायची असते तिथून मी पळालो, आणि जिथे करायची नसते तिथे गेलो. माझ्या बहुतेक चुकांचा नकाशा काढला तर तो असाच निघेल.

चतुर्दशीच्या पहाटे खोलीतच तेल लावलं. सुमनने पाठीला उटणं चोळलं, आणि चोळता चोळता काहीतरी म्हणाली. माझ्या कानात तेल होतं. वरून पँट-शर्ट चढवला, आत पंचा. बसमध्ये बसलो तेव्हा सकाळचं ऊन खिडकीतून आत आलं आणि मी हळूहळू तळला जाऊ लागलो. पुढच्या सीटवरच्या बाई रुमाल नाकाला लावून म्हणाल्या, “कोणी चकल्या आणल्यात का?”

पहिलं कुंड निळं होतं. निळं म्हणजे आभाळासारखं वगैरे नाही. आमच्या आईच्या वेळी पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायचे, ती बादलीत पहिल्यांदा सुटते तसं निळं. त्यावर वाफेचे लोट, मागे डोंगर, डोंगरावर मेपलची झाडं नुकतीच लाल व्हायला लागलेली. चोहीकडे कठडा. माणसं कठड्याला टेकून गप्प उभी होती. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी फक्त आमच्या कंट्रोल रूममध्ये पाहिली आहे, तीही सगळं बंद पडल्यावर.

खरंच सुंदर होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, कारण तो किस्सा सांगताना सौंदर्याला जागाच उरत नाही. वाफ चेहऱ्यावर यायची, चष्म्यावर दव धरायचं, आणि दव निवळेपर्यंत ते निळं नुसतं एक अंदाज म्हणून समोर राहायचं. मी तीस वर्षं उकळत्या पाण्याजवळ काढली. पाणी असं बघण्यासाठी असतं हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे ते बाटलीत भरून, थंड करून, थेंब थेंब मोजायचं असतं.

पण गप्प बसेल तो मी कसला. शेजारी उभ्या असलेल्या नाशिकच्या जोडप्याला मी सांगायला लागलो की हा निळा रंग म्हणजे सिलिका. बॉयलरच्या पाण्यात ती चुटकीभर गेली तरी वाफेबरोबर उडते आणि टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसते. माझी तीस वर्षांची वैरीण, आणि इथे लोक तिचे फोटो काढत होते. दुसरं कुंड लाल होतं, सावजीच्या रश्श्यावर तर्री यावी तसं. मी लोहाबद्दल सांगितलं. तिसऱ्यात करडा चिखल पिठल्यासारखा रटरटत होता. तिथे मी आमच्या राखेच्या तलावाबद्दल सांगितलं. आमची सहलप्रमुख, एक पुण्याची चटपटीत मुलगी, तेवढ्यात सर्वांना काहीतरी सूचना देत होती. माझ्या कानावर आलं ते एवढंच, “...शेवटी एक छोटं कुंड आहे, तिथे तुम्हाला पाण्यात उतरता येईल...” वाक्याच्या पुढच्या भागात मी नाशिककरांना पाण्याचा पीएच समजावत होतो.

ते छोटं कुंड लाकडी बाकांच्या मधे होतं. लांबट, उथळ, वाफाळतं. सात-आठ जपानी म्हातारे-म्हाताऱ्या पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून बसले होते. मला वाटलं, आंघोळीआधी अंग सरावायला बसले आहेत. मी पँट-शर्ट उतरवून घडी घातली, गडवा घेतला आणि मधोमध उतरलो. पाणी पोटरीपर्यंत. म्हटलं, थंड देशातली माणसं, काटकसरी. मी उकिडवा बसलो, गडवा भरला आणि ‘हर नर्मदे’ म्हणून डोक्यावर ओतला. दुसरा ओतला. तिसरा ओतण्यासाठी हात उंच केला, तेव्हा मला जाणवलं की कुंडातले सगळे पाय बाहेर निघाले आहेत.

फोटो तिसऱ्या गडव्याचा आहे.

तो फोटो आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटांत पोचला. मी अजून ओलाच होतो. प्रभाकररावांच्या मोबाइलवरून आला होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘नरकेश्वर प्रसन्न’. असे दोन शब्द आमच्या अख्ख्या गोतावळ्यात एकाच डोक्यातून निघू शकतात. पाहताक्षणी मी ओळखलं.

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. एका माणसाने कोराडीत लॅबच्या टेबलावर उभं आयुष्य काढून ‘साहेब’ हे तीन अक्षरांचं नाव कमावलं होतं, ते तीन गडव्यांत वाहून गेलं. भाचे-पुतणे नमस्काराला वाकताना म्हणतात, “नरकेश्वर काका, आशीर्वाद.” मुलीच्या साक्षगंधात मी फेटा बांधून दारात उभा होतो. व्याह्यांचे थोरले भाऊ, पहिलीच भेट, माझा हात हातात घेऊन म्हणाले, “तुम्हीच का ते? फार ऐकलं होतं.” मुलीने खाली मान घातली. हसू लपवायला घातली की लाजेने, ते मी विचारलं नाही. पण त्या क्षणी मांडवाच्या पलीकडे प्रभाकरराव मसाला भात वाढून घेत होते, शांतपणे, वरून आणखी तूप मागत. मी त्या तुपाच्या धारेकडे पाहून शपथ घेतली.

माणूस वयाबरोबर निवळतो म्हणतात. मी निवळलो नाही, मी आटलो. आणि आटवलं की पाण्यात जे काही विरघळलेलं असतं ते दाट होतं, हे केमिस्टला कोणी सांगायला नको. सकाळी फिरायला जाताना इतर लोक नातवंडांचा विचार करतात. मी प्रभाकररावांचा करायचो. त्यांच्या भाषणाआधी माइक बंद पडेल. त्यांच्या पायजाम्याची नाडी भर पंगतीत सुटेल. ते कवळी काढून ठेवतील आणि ती कवळी, कशी कोण जाणे, लाडवांच्या डब्यात निघेल, आणि नेमके ग्रुपवरचे सगळे हजर असतील. एकदा देवळात डोळे मिटून उभा होतो तर पुजाऱ्याने विचारलं, “काका, काय एवढं मागून राहिले?” मी म्हटलं, सगळ्यांचं भलं. एक सोडून, हे मनात.

एक गोष्ट मात्र फोटोत नाही. तिसरा गडवा ओतला आणि खाली पाहिलं, तर पाण्यावर तवंग पसरत होता. आधी एक रुपेरी चकती, मग तिच्या कडेला जांभळा, हिरवा, पिवळा. तेल. माझ्या अंगावरचं. पाण्यात तेल म्हणजे काय हे मला माहीत नाही असं कोण म्हणेल? नोकरीत माझी झोप एकाच गोष्टीने उडायची, पाण्यात तेल गेल्याच्या फोनने. कित्येक फिटरांना मी त्यावरून फाडून खाल्लं आहे. आणि आता मी मधोमध उकिडवा, माझ्याभोवती इंद्रधनुष्य. एक म्हातारी बाई, माझ्या आईच्या वयाची, पुढे झाली आणि दोन्ही हातांनी तिचा छोटा पांढरा टॉवेल मला दिला. मी डोकं पुसलं. टॉवेल पिवळाजर्द झाला. मी परत दिला, तिने वाकून घेतला. मग निळ्या गणवेशातला एक माणूस आला, मला तीनदा वाकून नमस्कार केला, बूच काढून कुंड रिकामं केलं, आणि गुडघ्यांवर बसून ब्रशने फळ्या घासायला लागला. मी पंचा धरून बाजूला उभा. दर दोन मिनिटांनी तो वर बघायचा आणि माझ्याकडे बघून मान लववायचा.

त्या मान लववण्याचं काय करायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. प्रभाकररावांचं काय करायचं ते मात्र कळत होतं. म्हणून मी तेच धरून बसलो.

यंदा दिवाळीला प्रभाकरराव आणि कुसुमताई आमच्याकडेच मुक्कामाला येणार असं ठरलं, आणि गच्चीवर बसल्या बसल्या मला उपाय सुचला. उटण्याचा वास येत होता. उटण्यात आंबेहळद असते, साधी हळद वाढवता येते. हळद आणि खार एकत्र आले, त्यात पाणी पडलं, की लाल. सुकं असताना पिवळंच्या पिवळं. मी दुपारी, सुमन शेजारी गेलेली पाहून, स्वयंपाकघरातून पापडखाराचा डबा उचलला. एका बशीत चिमूटभर उटणं, चिमूटभर हळद, चिमूटभर खार, वरून चार थेंब पाणी. बशीत रक्तकुंड उभं राहिलं. मला माझ्या नोकरीत इतका आनंद कधी झाला नव्हता. बशी धुऊन पुसून जागेवर ठेवली. स्टीलच्या वाटीत पाहुण्यांसाठी ते उटणं कालवलं, सुकंच, आणि पाहुण्यांच्या न्हाणीघरात ठेवलं. माझ्यासाठी पितळी वाटीत साधं. मोबाइल पूर्ण चार्ज केला. खाली लिहायचे शब्दसुद्धा योजून ठेवले होते, ‘रक्तेश्वर प्रसन्न’. शब्द जरा उसने होते, पण सुडात नावीन्य कोण बघतो.

चतुर्दशीची पहाट. पहिली आंघोळ पाहुण्यांची. मी न्हाणीघराच्या दाराबाहेर, कणकेचा दिवा बघायला आल्यासारखा, मोबाइल पाठीमागे धरून उभा. आत कुसुमताई तेल लावत होत्या, उटणं चोळत होत्या. पाण्याचा पहिला तांब्या पडला. मी श्वास रोखला. दुसरा पडला. आतून प्रभाकररावांचा आवाज आला, “वा. काय वास आहे गं.” पाचव्या मिनिटाला ते बाहेर आले, लखलखीत, ताजे, कोजागिरीच्या चंद्रासारखे. नवा झब्बा. अंगावर गुलाबी ठिपकासुद्धा नाही.

मला खाराच्या दर्जाची शंका आली. हल्ली सगळ्यातच भेसळ.

“चला, बसा पाटावर,” सुमन म्हणाली. तेल लावलं, उटणं चोळलं. नेहमीपेक्षा जरा जोरात चोळते आहे असं वाटलं, पण माझं मन खारात होतं. मग तिने कढत पाण्याचा तांब्या माझ्या डोक्यावरून सोडला. छातीवरून खाली येता येता पाणी लाल झालं. दुसऱ्या तांब्याला हात लाल झाले. पोट लाल. पाटावरून मोरीकडे एक लाल ओघळ निघाला. मी हातांकडे पाहत राहिलो आणि मग पाटाशेजारच्या वाटीकडे. पितळीच होती. आतलं बदललं होतं.

दारात प्रभाकरराव आणि कुसुमताई येऊन उभे राहिले होते. प्रभाकररावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, सर्व्हेअर पाहतो तसं. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते. मी म्हटलं, “काढा, काढा फोटो. सवयच आहे तुम्हाला.”

“मी काहून काढू जी?” ते म्हणाले. “सुमन, घे वं तुझा मोबाइल. मागचा तूच काढला, हाही तूच काढ. कामात फरक नको दिसाले.”

“मागचा?” मी म्हटलं.

मोरीत पाणी गुरगुरत होतं.

“मले तर फोटो पाठवणं अजून जमत नाही,” प्रभाकरराव म्हणाले. “माझा मोबाइल त्या दिवशी सुमनच्या हातात होता, तिचा बंद पडला म्हणून. सहा वर्सं तुमच्या शिव्या खाऊन राहिलो. दरसाल हिले म्हणतो, सांगून टाक बापा. हे म्हणते, थांबा भाऊजी, अजून थोडं शिजू द्या.”

“आणि ते ‘नरकेश्वर’?”

“तेही मीच लिवलं,” सुमन म्हणाली. ती आत जाऊन लिंबं घेऊन आली होती, आणि पाटासमोर बसून ती कापत होती. “पाठीले उटणं लावता लावता सांगतलं होतं तुमाले, पत्रकात नुसतं बघाचं लिवलं आहे म्हणून. तिथं त्या कुंडापाशी पाटी होती, तिच्यावर नुसत्या पायाचं चित्र होतं, थेही दाखवली. तर तुमी कुसुमताईसमोर, त्या नाशिकवाल्याइसमोर काय म्हणाले? आठवते?”

मला आठवलं नाही. आठवलं नाही हे जास्त वाईट, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

“म्हणाले, पाण्यातलं तुले काय समजते. अन् गडवा मागतला. मी देला.”

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. प्रभाकरराव खिडकीबाहेर बघायला लागले, जणू तिथे कोळसा लागला आहे.

“पण पापडखार...” मी म्हटलं.

“तुमी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आपली बशी आपण धुतली,” ती म्हणाली. “पुसून फळीवर बी ठेवली. तवाच म्हटलं, याइनं काहीतरी केलं. मंग पाहुण्याइच्या वाटीत ओलं बोट घालून पाहिलं.” तिने अर्धं लिंबू माझ्या छातीवर घासायला सुरुवात केली. लाल होतं तिथे पट्ट्यापट्ट्याने पिवळं उमटायला लागलं, हळदीच्या नवरदेवासारखं. आम्लाने रंग परततो हे मला तिला सांगायचं होतं. मी गप्प बसलो.

“दुखते का?” तिने विचारलं.

“झोंबतं थोडं.”

“झोंबू द्या.” ती खांद्याकडे वळली, आणि घासत घासत, आवाज न चढवता म्हणाली, “सहा वर्सं बदला घ्याचा म्हणून भाऊजीच्या मांगं लागले. माह्यावर एकदा बी शक नाही आला तुमाले. बाईले एवढी अक्कल असंन, हे तुमच्या डोक्यातच नाही आलं. म्हणून तर लाल झाले.”